वाचक विचारतात : कडाक्याच्या थंडीत कॅमेरा कसा जपायचा?

दिवाळी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पावसाळाभर बुरशीचे प्रश्न असतात, मग रोषणाईचे, आणि नोव्हेंबर लागला की हिमालय. केदारकांठा, ब्रह्मताल, स्पिती, लडाख. बर्फात तंबू ठोकून राहायला आपल्याकडची मुलंमुली उत्साहानं जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांतले काही कॅमेरे फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात, आणि बहुतेकांची तक्रार टाळता येण्यासारखी असते. म्हणून या वेळी फक्त थंडीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : काका, आम्ही कॉलेजचे मित्र डिसेंबरअखेर केदारकांठ्याला चाललो आहोत. बाबांचा डीएसएलआर नेतोय, तोही खूप विनवण्या केल्यावर मिळालाय. आधी जाऊन आलेला एक सीनियर सांगतो, रात्री कॅमेरा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, नाहीतर थंडीनं बिघडतो. खरं आहे का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

बॅटरी घेऊन झोप, मेमरी कार्ड घेऊन झोप. कॅमेरा मात्र स्लीपिंग बॅगच्या बाहेरच राहू दे.

तुझा सीनियर काळजीपोटीच सांगतोय, आणि हा सल्ला ट्रेकच्या वाटेवर सर्रास ऐकू येतो. पण त्यात थंडी आणि ओल यांची गल्लत झाली आहे. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ‘० ते ४० अंश सेल्सिअस’ असं छापलेलं असतं. काही मॉडेलांना कंपन्या उणे १० अंशांपर्यंत मुभा देतात. शून्याखाली गेल्यावर बॅटरी आणि पडदा नेहमीसारखे चालतील याची हमी नाही, इतकाच त्या आकड्यांचा अर्थ. बंद करून ठेवलेला कोरडा कॅमेरा उणे दहात रात्रभर पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. काच, धातू, सेन्सर, सर्किट यांना तेवढी थंडी सोसते. सोसत नाही ते थंडगार अंगावर धरणारं पाणी.

फ्रिजमधली बाटली ओट्यावर काढून ठेवली की बाहेरून घामेजते, तसाच हा प्रकार. हिशेबच सांगतो. २० अंशांच्या खोलीत हवेची आर्द्रता ५० टक्के असेल, तर साधारण ९ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं. संध्याकाळी तुझा कॅमेरा असेल उणे पाच-सातला. स्लीपिंग बॅगेत तुझ्या अंगाची ऊब असते आणि अंगातून सतत निघणारी वाफही असते. तिथं तो कॅमेरा शिरला की काही मिनिटांत ओला होतो, आणि फक्त बाहेरून नाही. झूमच्या नळीतून, बॅटरीच्या झाकणातून, बटणांच्या फटींतून दमट हवा आत जाते आणि आरशावर, शटरच्या पात्यांवर, सर्किटवर दव धरतं. मग पहाटेच्या काळोखात तू शिखराकडे निघणार आणि तोच दमट कॅमेरा झोंबऱ्या वाऱ्यात काढणार. आतल्या ओलीचा बर्फ होतो. व्ह्यूफाइंडर आतून पांढरा पडतो, अॅपर्चरची पाती चिकटतात, ऑटोफोकस नुसता घरघरतो. सूर्य वर येतो तेव्हा सगळे मित्र फोटो काढत असतात आणि तू कॅमेरा पुसत असतोस.

ती ओल पुढे काय करते हे मी रोज बघतो. असा कॅमेरा महिन्या-दोन महिन्यांनी उघडला की आतल्या फ्लेक्सची, म्हणजे त्या पातळ पट्टीसारख्या वायरची, सोनेरी टोकं काळवंडलेली असतात आणि त्यांच्या कडेला हिरवट पूड धरलेली असते. ब्रशनं झटकली तर खालचा सोनेरी मुलामाही निघून येतो. लेन्समध्ये टॉर्च तिरका मारून पाहिलं तर आतल्या काचेवर सुकलेल्या थेंबांची बारीक वर्तुळं दिसतात, आणि काचेच्या काठाकडून बुरशीचे केसासारखे धागे आत सरकायला लागलेले असतात. ट्रेकमध्ये कॅमेरा ‘ठीक चालला’ म्हणून मालक निर्धास्त असतो. बिघाड आपल्या सवडीनं वर येतो.

तेव्हा संध्याकाळचा क्रम असा ठेव. तंबूत शिरण्याआधी, बाहेरच्या थंडीतच, कॅमेरा बंद कर. अंगावरचा बर्फ मऊ ब्रशनं झटक. तोंडानं फुंकर मारू नकोस, श्वासातली वाफ काचेवर लगेच गोठते आणि मग ती पुसताना काचेवर ओरखडे पडतात. बॅटरी आणि कार्ड काढून खिशात घाल. कॅमेरा लेन्ससकट जाड झिपवाल्या पिशवीत ठेव, हवा दाबून बाहेर काढ, झिप नीट लाव. ही पिशवी बाहेरच्या कोरड्या हवेतच बंद व्हायला हवी. तंबूत येऊन बंद केलीस तर तंबूतली दमट हवा तिच्यात कोंडली जाईल. मग पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेत, बॅगेची चेन बंद, आणि बॅग तंबूच्या मध्याकडे मॅटच्या तुकड्यावर. कापडाला टेकवून ठेवायची नाही. तंबूत झोपलेल्यांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत मिसळतं, ते तंबूच्या कापडाला आतून गोठून बसतं, आणि सकाळी कुणी चेन उघडली की सगळं हिम खाली झडतं.

एवढ्या खटाटोपाचा फायदा असा, की सकाळी कॅमेरा बाहेरच्या हवेइतकाच थंड आणि कोरडा असतो. उबदार बॅटरी आणि कार्ड घातलं की फोटो सुरू.

दिवसा चढताना कॅमेरा जॅकेटच्या आत कोंबू नकोस. चढावर घाम येतोच, आणि जॅकेटच्या आतली हवा स्लीपिंग बॅगेपेक्षा कोरडी नसते. छातीवर बाहेरून बांधायची लहान बॅग सगळ्यात बरी. जुडा का तालाबच्या मुक्कामाला पोचल्यावर हातमोजे काढून धातूचा ट्रायपॉड धरायचा मोह होईल, तोही टाळ. ट्रायपॉडच्या वरच्या पायांना पाइपावर घालतात तो फोम गुंडाळून घे, हाताला चटका बसत नाही. कॅप्टन स्कॉट यांच्या १९१०–१३ च्या अंटार्क्टिक मोहिमेत हर्बर्ट पॉन्टिंग हे छायाचित्रकार होते. फोकस करताना ओठ ओले करायला गेले आणि त्यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला क्षणात चिकटून गोठली. तुमच्या ट्रेकला तेवढी थंडी नसेल, पण ओलसर बोटांना त्रास व्हायला उणे दहा पुरेसे आहेत.

आणखी एक, आणि हे कॅमेऱ्यापेक्षा तुमच्या जिवासाठी सांगतो. ओला झालेला कॅमेरा किंवा मोजे वाळवायला बंद तंबूत गॅस किंवा शेगडी कुणीही पेटवू देऊ नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. कॅमेरा ओला झालाच तर बॅटरी काढून तसाच राहू दे, खाली पायथ्याच्या सांक्री गावाला आल्यावर बघू. बाबांना हे पान वाचायला दे, म्हणजे त्यांनाही घोर लागणार नाही.

प्रश्न : मागच्या जानेवारीत औलीला माझा मिररलेस कॅमेरा ४५ टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडला. हॉटेलच्या खोलीत आल्यावर तीच बॅटरी पुन्हा ४० टक्के दाखवू लागली. बॅटरी खराब झाली आहे का? बदलून घेऊ का? – एक वाचक, नाशिक

घाई करू नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं धडधाकट लिथियम-आयन बॅटरीचीच आहेत. थंडीत आतला द्राव घट्ट होतो, आयनांची ये-जा मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. ऑटोफोकस किंवा शटर एकदम जास्त वीज मागतं तेव्हा व्होल्टेज कोसळतं. कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. वीज आतच असते, काढता येत नसते. ऊब मिळाली की परत मिळते. मिररलेसला हे अधिक जाणवतं, कारण त्याचा सेन्सर आणि पडदा सतत वीज खात असतात.

उपाय जुनाच आहे आणि तोच चालतो : एक बॅटरी कॅमेऱ्यात, बाकीच्या फ्लीसच्या आतल्या खिशात, अंगालगत. कॅमेऱ्यातली दमली की आदलाबदल. पंधरा-वीस मिनिटांत दमलेली पुन्हा कामाला येते. त्या खिशात किल्ल्या, नाणी ठेवू नका आणि बॅटरीची टोपी लावून ठेवा, टोकं एकमेकांना जोडली गेली तर बॅटरी तापते. रात्री मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी. गरम पाण्याची बाटली घेऊन झोपत असाल तर तिच्या शेजारी, पण तिला चिकटवून नको. रासायनिक हँड वॉर्मर, म्हणजे हात शेकायची तयार पुडी, थेट बॅटरीवर ठेवू नये, तो ५० अंशांच्या वर जाऊ शकतो. वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस आणि काढलेला फोटो आपोआप दाखवण्याची सोय बंद केलीत तर बॅटरी आणखी पुरते.

खरी काळजी चार्जिंगची घ्या, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली असताना चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी ऋणाग्रावर धातूच्या थरासारखं साचत जातं. ती क्षमता पुन्हा परत येत नाही आणि बॅटरी धोकादायकही होऊ शकते. बाहेरून आलात, रात्री अकराला दिवे आले, घाईनं गारठलेली बॅटरी चार्जरला लावली, असं डोंगरातल्या गेस्टहाऊसमध्ये हमखास होतं. अर्धा-पाऊण तास खिशात ठेवा, हाताला कोमट लागली की लावा. पॉवर बँकेलाही हाच नियम.

तुमची बॅटरी मात्र घरच्या उबेतही अशीच दगा देत असेल, किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर ती फुगली आहे. ती वापरू नका, ई-कचऱ्यात द्या.

विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक सोबतच्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॅट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही, ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ती साधारण २७,००० एमएएच होते.

प्रश्न : आम्ही दोघं फेब्रुवारीअखेर स्पितीतल्या किब्बरला हिमबिबट्या बघायला जातोय. दिवसभर कड्यावर बसायचं आणि रात्री होमस्टेत, मधल्या दोन रात्री तंबूत. सोबत ६०० मिमीची लेन्स आहे. होमस्टेत तरी निवांत असावं म्हणतो. काय काळजी घ्यावी? – एक दांपत्य, ठाणे

तुमच्यासाठी तंबूपेक्षा होमस्टे अधिक जोखमीचा, हे आधी सांगतो. किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर. हिवाळ्यात तिथलं सगळं घर एका स्वयंपाकघरात जमतं, मध्ये पत्र्याचा तंदूर, त्यावर दिवसभर पाण्याचं भांडं. बाहेर उणे पंधरा, आत चहाची वाफ. दारातून आल्याआल्या कॅमेरा मांडीवर घेऊन दिवसभराचे फोटो दाखवायचे, घरातल्या मुलांनाही ते बघायचे असतात. तेवढ्या वेळात लेन्स आतून धुरकटते. ६०० मिमीच्या लेन्समध्ये एवढी काच आणि एवढा धातू असतो, की ती खोलीइतकी गरम व्हायला कित्येक तास लागतात, आणि तोवर दव धरतच राहतं.

म्हणून कॅमेऱ्याची बॅग घरातल्या थंड खोलीत, सरपण किंवा धान्य ठेवतात तिथं, बंदच राहू द्या. मालकिणीला सांगितलंत तर त्या आनंदानं कोपरा देतील. मघाशी पॉन्टिंग यांचं नाव घेतलं, त्यांचीही हीच रीत होती. झोपडीच्या उबेत कॅमेरे आणले की ते पाण्यानं डबडबतात हे ध्यानात आल्यावर ते कॅमेरे बाहेरच ठेवत. शंभराहून अधिक वर्षं झाली, कॅमेरे पार बदलले, दवबिंदूचा नियम तोच आहे.

फोटो बघायचेच आहेत? फक्त कार्ड आत न्या. तेही बाहेरच छोट्या झिपच्या पिशवीत घालून, आणि खिशात दहा-पंधरा मिनिटं कोमट होऊ देऊन मगच लॅपटॉपमध्ये. चकती फिरणारी जुनी हार्ड डिस्क गारठलेली असताना सुरू करू नका.

कॅमेरा थंडच ठेवण्याचं आणखी एक कारण लांब लेन्सवाल्यांनी लक्षात घ्यावं. उबेतून काढलेली लेन्स थंडीत नेली की तिच्यातून आणि तिच्या तोंडावरच्या हूडमधून गरम हवेच्या लाटा उठत राहतात. दूरच्या कड्यावरचा बिबट्या त्या लाटांमधून टिपला तर फोकस अचूक असूनही प्रतिमा धूसर येते. लोक लेन्सला दोष देतात, कॅलिब्रेशनला घेऊन येतात, आणि लेन्स निर्दोष निघते. गाडीच्या उघड्या खिडकीतून, आत हीटर चालू असताना काढलेल्या फोटोंचंही असंच होतं.

कड्यावर बसताना लेन्सखाली मॅट घाला. तोंडावरचा रुमाल नाकापर्यंत ओढला की उच्छ्वास वर चढतो आणि थेट आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, जातो. रुमाल नाकाखाली ठेवा किंवा श्वास खालच्या बाजूला सोडायची सवय करा. तरी आयपीस गोठलाच तर नखानं खरवडू नका. हातमोज्याचा कोरडा अंगठा काही सेकंद जवळ धरा, आणि हिम सुटलं की मऊ फडक्यानं टिपा. ट्रायपॉड भुसभुशीत बर्फात रोवताना पाय पूर्ण फाकवू नका. पाय खाली रुतत जातात, आणखी फाकायला त्यांना जागा नसते आणि वरचा सांधा तडकतो. ओढ्याच्या पाण्यात पाय बुडाले तर पुसल्याशिवाय मिटू नका, आतलं पाणी गोठलं की तो दिवसभर उघडणार नाही.

आणि कॅमेऱ्यातच गुंतून राहू नका. तिथले स्पॉटर दुर्बिणीतून बिबट्या दाखवतात तेव्हा आधी डोळे भरून बघा. फोटो नंतर.

प्रश्न : लडाखमधल्या हानलेला ताऱ्यांचे फोटो काढायला जाते आहे. गेल्या वेळी हरिश्चंद्रगडावर रात्री दोननंतर लेन्सवर दव धरून सगळे फ्रेम वाया गेले. हानलेत तर थंडी कितीतरी जास्त. – एक वाचक, नागपूर

थंडी जास्त, पण हवा कोरडी, त्यामुळे हानलेत तुम्हाला कदाचित हरिश्चंद्रगडापेक्षा कमी त्रास होईल. निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. गडावर हवेत बाष्प भरपूर, म्हणून दव. हानलेत धरलंच तर हिम धरेल.

दोन्हीकडे उपाय एकच : लेन्सभोवती गुंडाळायची यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी. ती दव धरल्यावर लावण्यात अर्थ नाही, पहिल्या फ्रेमपासून मंद आचेवर चालू ठेवा. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिली तरी पुरे. पट्टी फोकसच्या रिंगवर बसवू नका, आणि लावल्यानंतर तारा पुन्हा एकदा फोकस करा, कारण लेन्स कोमट झाली की फोकस किंचित सरकतो. पॉवर बँक लोकरीच्या मोज्यात घालून ट्रायपॉडला टांगा. हूड काढू नका, तो आकाशाचा बराचसा भाग झाकतो.

आपल्याकडे गडांवर रबर बँडनं हँड वॉर्मर लेन्सला बांधतात, ते चालतंही. पण हानलेला त्यांच्या भरवशावर जाऊ नका. ती पुडी आतल्या लोखंडाच्या भुकटीचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तापते. हानले सुमारे ४,५०० मीटरवर, तिथल्या हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. पुडी कोमटच राहते, आणि घट्ट कापडात गुंडाळली तर विझतेच.

थंडीची एक देणगीही आहे. सेन्सर जितका गार, तितका लांब एक्स्पोजरमधला गोंगाट, म्हणजे फोटोत दिसणारे नकोसे ठिपके, कमी. उन्हाळी रात्रीच्या आणि हानलेच्या फ्रेम शेजारी ठेवून बघाल तेव्हा सावल्या किती स्वच्छ आहेत ते दिसेल.

हानले २०२२ पासून राखीव काळोख क्षेत्र आहे. लाल टॉर्चच न्या, आणि कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड अगदी कमी करून ठेवा.

प्रश्न : आम्ही एडमंटनला असतो. उत्तरध्रुवीय प्रकाश बघायला एल्क आयलंडकडे गाडीनं जातो. उणे पंचवीसमध्ये दहा मिनिटं बाहेर, मग हात शेकायला गाडीत, असं रात्रभर चालतं. दर वेळी कॅमेरा आत घ्यावा का? – एक वाचक, कॅनडा

घेऊ नका. तुम्ही आत जा, कॅमेरा ट्रायपॉडवर राहू दे, फक्त बॅटरी खिशात घालून न्या. ट्रायपॉड नजरेआड होत असेल तर कॅमेरा बॅगेत घालून डिकीत ठेवा. जाताना वाटेतही तो डिकीतच असावा, म्हणजे पोचेपर्यंत गार झालेला असतो. घरी परतल्यावर बॅग बंदच ठेवून गॅरेजमध्ये, मग तशीच बंद पॅसेजमध्ये, आणि सकाळी उघडा. पडद्यावरची चित्रं उणे पंचवीसला रेंगाळत सरकतील. पडद्यातले द्रवस्फटिक थंडीनं मंदावलेले असतात, उबेत आले की पूर्ववत होतात.

प्रश्न : माझ्याकडे १९७०च्या दशकातला पूर्ण मेकॅनिकल फिल्म कॅमेरा आहे. नातवाबरोबर मार्चमध्ये बर्फात जायचं आहे. हा कॅमेरा नेऊ का? वयाप्रमाणे तोही थकला असेल. – एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, जरूर न्या. बॅटरीवाचून चालणारं शटर ही थंडीत मोठी सोय आहे. २९ मे १९५३ ला एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंग यांचा फोटो काढला तो एका साध्या कोडॅक रेटिनावर. तो कॅमेरा त्यांनी सदऱ्याच्या आत अंगालगत ठेवून वर नेला होता. मी वर विद्यार्थ्याला जॅकेटच्या आत ठेवू नकोस म्हटलं, त्याच्याशी हे विसंगत वाटेल. उबेतून थंडीत काढताना कॅमेऱ्यावर दव धरत नाही. तो गारठल्यावर पुन्हा घामेजल्या कपड्यांत घातला तर धरतं. तुम्ही बसून, निवांत, दिवसातून चार फोटो काढणार असाल तर आतल्या खिशात ठेवा. सारखा आत-बाहेर करणार असाल तर बाहेरच.

जाण्याआधी एक चाचणी करा. शटर १ सेकंदावर ठेवा, दाबा आणि कान लावा. एकसारखा, न अडखळणारा सूर आला तर यंत्र मोकळं आहे. सूर शेवटाकडे रेंगाळला, तर आतलं जुनं तेल घट्ट झालं आहे. थंडीत ते आणखी घट्ट होईल आणि फोटो अधिक उजळ येतील. अशा वेळी जाणत्या मेकॅनिककडून ते तेल काढून घ्या. स्वतः तेलाचा थेंबही सोडू नका, ते पात्यांवर पसरतं. लाइट मीटर असेल तर अल्कलाइन सेलऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा घाला, थंडीत तो अधिक टिकतो.

फिल्म गारठली की ठिसूळ होते. लिव्हर सावकाश फिरवा, शेवटच्या फ्रेमला जोर लावू नका, आणि रिवाइंड तर अगदी हळू. कोरड्या थंड हवेत फिल्म जोरात ओढली तर स्थिर विद्युतेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. रोल बदलायचा तर नातवाला पाठीशी आडोसा धरून उभं करा. तो हे काम आयुष्यभर विसरणार नाही.

प्रश्न : लडाखहून मुंबईत परतल्यावर कॅमेऱ्याचं काय करावं? मैत्रीण म्हणते, तांदळाच्या डब्यात ठेव. – एक वाचक, मुंबई

तांदूळ नकोत. ते ओल फारशी शोषत नाहीत, आणि त्यांची पूड लेन्सच्या खाचांत शिरते. विमानातून उतरल्यावर बॅग घरी तीन-चार तास बंदच राहू द्या, एसी लावलेल्या खोलीत नको. मग पंख्याखाली कॅमेरा, लेन्स, बॅग वेगवेगळं मांडा. बॅगेचे कप्पे बाहेर काढून उन्हात टाका. ओल सगळ्यात जास्त त्या स्पंजात मुरलेली असते आणि तिथूनच बुरशी लेन्सकडे येते. कॅमेरा मात्र उन्हात नको. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळं जेल गुलाबी झालं, किंवा नारिंगी जेल हिरवं झालं, की ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

आठवड्यानं लेन्स काढून टॉर्च तिरका धरून आत बघा. वर्तुळं किंवा धागे दिसले तर पुसायचा प्रयत्न न करता लगेच दुरुस्तीला द्या. सुरुवातीच्या दिवसांत बुरशी पुसली जाते. काचेचं कोटिंग तिनं खाल्लं, की काच बदलण्यावाचून इलाज उरत नाही.